बत्तीस किलोमीटर आणि सात रबरं

तीन-तीन, चार-चार तास रस्त्यानं पळायचं. बोलायला दम नसतो, मोबाइल बघता येत नाही. मग माणूस डोक्यात काय करतो? संशय घेतो! मी तरी घेतो. पुढचा खरंच पळतोय का, मागचा मधेच कुठं गायब झाला, ते कुत्रं उठलं ते आपल्यासाठीच उठलं का... असले संशय घेऊन घरी यायचं, आणि दुसऱ्या दिवशी टपरीवर चहा पिताना त्याचा किस्सा झालेला असतो. असे किती साठलेत म्हणून सांगू!

आणि माझं म्हणाल तर मी मुळातलाच संशयी. रांजणगावच्या एमआयडीसीत एका कंपनीत क्वालिटीला आहे. आलेला माल रिजेक्ट करणं हाच आपला धंदा. बावीस वर्षं एकेक पार्ट उलटापालटा करून बघितला, नजरच तशी झाली. बायको म्हणते, "तुम्ही ताटातली भाकरीसुद्धा तपासून खाता!"

आमचा ग्रुप तिघांचा. एक मी, संपत. दुसरे सॅम्युअल सर, माझे शाळेतले पीटीचे मास्तर, आता रिटायर. ते स्वतः पळत नाहीत, स्कूटरवरून पळवतात. आणि तिसरे पोपटमामा, मूळचे दौंडकडचे, एसटीचे रिटायर ड्रायव्हर. साठीला आलेत, पण पळताना डोक्यावरची पांढरी टोपी हलत नाही. मामा आमच्यात आले त्याला वर्ष व्हायचंय अजून.

*

आता पहिला किस्सा सांगतो तो माझ्याच अंगावरचा आहे. हा टपरीवर कधी सांगितलेला नाही, तेव्हा जरा इकडं सरका.

गेल्या वर्षी मी बेचाळीस किलोमीटरच्या फुल मॅरेथॉनला उतरलो. तिसाव्या किलोमीटरला पाय गेले. अक्षरशः गेले! मागं पडलेल्यांना उचलायला एक बस फिरत होती, तिच्यात चढलो आणि तोंडावर टॉवेल टाकून बसलो. बसनं आम्हाला शेवटच्या मैदानात मागच्या बाजूनं सोडलं. तिथं एक पोरगी ज्याच्या छातीवर नंबर दिसेल त्याच्या गळ्यात मेडल घालत सुटली होती. माझ्याही गळ्यात घातलं. "काँग्रॅच्युलेशन्स, सर!"

तेव्हाच "नाही" म्हणायला पाहिजे होतं. पण म्हणालो नाही. आणि माझ्या मेव्हण्यानं तेवढ्यात फोटो काढला.

तिसऱ्या दिवशी शिरूरच्या चौकात माझा दहा फुटी फ्लेक्स! 'शिरूरची शान'! सॅम्युअल सरांनी स्वतः हार घातला. भाषणात म्हणाले, "माझ्या विद्यार्थ्यानं बेचाळीस किलोमीटर एका दमात काढले." लोकांनी टाळ्या वाजवल्या, मी हात जोडून उभा. आख्ख्या तालुक्यात कुणाला संशय आला नाही हो! मी रिजेक्ट केला असता तो माल.

तेव्हापासून एकच ध्यास. एकदा खरीखुरी फुल मॅरेथॉन पळायची. त्याशिवाय त्या मेडलकडे बघवत नव्हतं.

*

पण घरात ते मेडल टीव्हीच्या वरच टांगलेलं. मंगल, आमची बायको, दर शुक्रवारी ते पुसते. पाहुणे आले की चहाच्या आधी मेडल दाखवते.

मी परत पळायला लागलो तशी तिला शंका. "एकदा झालंय ना पूर्ण? मग परत कशाला जीव काढताय उन्हातान्हात?"

मी म्हणालो, "फिटनेस!"

हे उत्तर तिनं घेतलं नाही. माझं वजन सहा किलोनं उतरलं तसा तिचा संशय पक्का झाला. नवऱ्याला काहीतरी मोठा आजार आहे आणि तो लपवतोय! एक दिवस मी ड्यूटीवर असताना माझं कपाट उलथंपालथं केलं. रिपोर्ट सापडले नाहीत. त्यानं तर ती आणखीनच घाबरली. थेट डॉक्टरांकडे गेली, म्हणाली, "खरं काय ते मला सांगा, मी धीराची आहे."

डॉक्टर म्हणाले, "वहिनी, त्यांना काय होणार? ते तर मॅरेथॉन पूर्ण केलेले गृहस्थ!"

ती निश्चिंत होऊन घरी आली आणि मला हे सांगून हसायला लागली. मला काही हसू येईना.

*

तुम्ही विचाराल, भर मे महिन्यात उन्हात कशाला पळता, पहाटे चारला निघावं की! अहो, निघत होतो. बिबट्यानं बंद केलं. आमच्याकडे ऊस तिथं बिबट्या. त्यानं कधी कुणाला दर्शन द्यावं याचा नेम नाही.

एकदा उजाडायच्या आत मी आणि सर असेच निघालो. सर स्कूटरवर, मी पुढं. उसात सळसळ झाली. सर देवाचं नाव घ्यायला लागले, मी जी धूम ठोकली ती एका माणसाच्या अंगावरच जाऊन आदळलो. तो वनखात्याचा माणूस. त्यानं माझं मनगटच धरलं.

"कुठनं आला पळत?"

"प्रॅक्टिस, साहेब."

"हितं पिंजरा लावलाय बिबट्यासाठी. आतला बोकड रात्रीत गायब हाय. पिंजऱ्याचं दार बाहेरनं उघडलंय. आन् तुम्ही प्रॅक्टिस करताय व्हय?"

मग माझ्या पाठीवरच्या पाण्याच्या पिशवीकडे त्याची नजर गेली. "ती पिशवी उघडा."

मी म्हणालो, "साहेब, एवढ्याशा पिशवीत बोकड मावेल का?"

"मटन मावतंय की!"

त्या दिवसापासून सरांनी नियम केला. सूर्य उगवल्याशिवाय रस्त्यावर पाय ठेवायचा नाही.

*

मामांचा किस्सा तर ग्रुपमध्ये अमर आहे. सरांनी सगळ्यांना मोबाइलमध्ये पळण्याचं अ‍ॅप घ्यायला लावलं होतं. अठरा किलोमीटरचा रन झाला. संध्याकाळी सर आकडे बघत बसले आणि एकदम चष्मा काढला.

"मामा, सगळे किलोमीटर तुम्ही आठ-आठ मिनिटांत पळालात. बारावा किलोमीटर दीड मिनिटात?"

मामा म्हणाले, "सर, आपल्या डेपोची गाडी आली व्हती. ड्रायव्हर माझ्या हाताखाली शिकलेला. त्यानं मला रस्त्यानं पळताना बघितलं, त्याच्या डोळ्यात पानी! म्हणला, मामा, तुमच्यावर ही येळ आली? बसा. आता तुम्हीच सांगा सर, न्हाई कसं म्हनायचं? त्याचा मान नगं का ठिवायला?"

"मग एका किलोमीटरनं उतरलात का?"

"त्याला समजावून सांगंस्तवर येक किलोमीटर झाला की!"

हसून हसून मुरकुंडी वळली. पण माझ्या मनात मामांबद्दल जी शंका बसली ती बसली. एकदा बसला तो परत बसणार! आता यावर मला बोलायचा किती हक्क होता, ते तुम्हाला कळलंच आहे. पण तोंड काळं असलेल्या माणसाला दुसऱ्याचा डाग लगेच दिसतो, माझं तसंच झालं होतं.

सरांनी अ‍ॅप बंद केलं आणि नवीन पद्धत काढली. लाँग रनच्या आदल्या दिवशी दर चार किलोमीटरला रस्त्याकडेच्या दगडावर चुन्यानं फुली मारायची. दगडामागं पाण्याच्या दोन बाटल्या, एक माझी, एक मामांची. बाटलीला भाजीवाले लावतात तसलं एक रबर. पाणी प्यायचं, रबर मनगटात घालायचं. दम लागला तर चाला, पण गाडीत बसायचं नाही.

"यंदाच्या फुल मॅरेथॉनचा फॉर्म गुरुवारी संध्याकाळी बंद होतोय," सर म्हणाले. "गुरुवारी बत्तीस किलोमीटर. सात रबरं घेऊन जो येईल त्याचा फॉर्म भरीन. नसतील तर यंदा घरी बसायचं."

गुरुवारी आमच्या कंपनीला सुट्टी. रस्ता ठरला, शिरूरहून मलठणवरून कवठे येमाई. मधे एक वळसा घेऊन सरांनी बत्तीस पुरे केले.

*

आता खरी गंमत. बुधवारी सर आणि मी स्कूटरवरून दगडांवर फुल्या मारत गेलो. सर खाली वाकून मोबाइलवर अंतर बघणार, मग बोट दाखवणार, मी चुन्याचा डबा घेऊन फुली मारणार. वाटेत लोक उभे राहून बघत होते. एकानं विचारलं, "काय चाललंय?" सर शिस्तीत म्हणाले, "मोजमाप."

झालं! दुसऱ्या दिवशी मी पळत निघालो. पहिला दगड, बाटली, रबर. दुसरा दगड, बाटली, रबर. मामा पुढं गेलेले, दिसतही नव्हते. ऊन साडेआठलाच अंगावर यायला लागलं होतं. तिसऱ्या दगडाची जागा आली, तर दगडच नाही! तिथं पाच-सहा माणसं, आणि मधे दोन चुलतभाऊ एकमेकांच्या अंगावर धावून जात होते.

"फुलीचा दगड माझ्या बांधावर कुनी आनून टाकला?"

"तुझ्याच बांधावर व्हता त्यो!"

माझ्या ध्यानात आलं. यांना वाटलं, रस्ता रुंदीकरणाचा सर्व्हे! फुली जिथं, तिथून जमीन जाणार. म्हणून रातोरात दगडाची हकालपट्टी झाली होती.

मी म्हणालो, "अहो, आम्ही पळतोय! ती पाण्याची बाटली आहे आमची!"

"पान्याच्या बाटलीला रबर कशाला?" एक आजोबा म्हणाले. "निशानी हाय ती सरकारी. पंचनामा झाल्याबिगर कुनाला हात लावू देनार न्हाई."

घशाला कोरड. समोर बाटली दिसतेय, हात लावायची सोय नाही. तेवढ्यात धाकटा चुलतभाऊ माझ्यापाशी आला. "सायेब, मघाशी तुमचा टोपीवाला सायेब आला व्हता. त्यानं माझ्या भावाला कागदावर लिहून दिलं, रस्ता त्याच्या बांधावरनं जानार न्हाई. म्हंजी माझ्याच बांधावरनं जानार का न्हाई?"

मामा! मामांनी पाण्यासाठी लिहून दिलं होतं!

मग मीही बसलो खाली. वहीचं पान घेतलं. 'मी या रस्त्यानं फक्त पळत आहे. माझा कोणत्याही रस्त्याशी संबंध नाही. रस्ता यांच्या बांधावरून जाणार नाही.' खाली सही. धाकट्याच्या घरातल्या म्हातारीनं कागद नीट बघितला, घडी करून कमरेला खोचला, आणि मगच माठातलं तांब्याभर पाणी दिलं. त्या पाण्याची चव मी विसरणार नाही.

पण रबर राहिलं पंचनाम्यात. सातातलं एक गेलं.

*

पुढचे सोळा किलोमीटर कसे काढले ते विचारू नका. दहानंतर वारासुद्धा भट्टीतून आल्यासारखा लागत होता. डांबर मऊ झालं होतं, बूट उचलताना चिकटायचा. डोक्यावरचा रुमाल बाटलीतल्या पाण्यानं भिजवला की दोन मिनिटांत वाळून कडक. चौथ्या दगडाचं रबर, पाचव्याचं, सहाव्याचं मिळालं. जीभ टाळ्याला चिकटलेली. पण डोकं एकाच गोष्टीचा विचार करत होतं, मामा कुठं आहेत?

मागून एसटी आली की मी मान वळवून खिडक्या तपासायचो. कंपनीत पार्ट तपासतो तसा! एका गाडीत पांढरी टोपी दिसली. मी मनात म्हणालो, सापडला! नीट बघितलं तर त्या गाडीत सात टोप्या होत्या. आमच्याकडे संशय घ्यायला टोपीचा काही उपयोग नाही हो.

अठ्ठाविसाव्या किलोमीटरला सातवा दगड. रबर घेतलं आणि समोर बघितलं, तर मामा! दोनशे पावलांवर, पाय ओढत, शर्ट पाठीला चिकटलेला, त्यावर घामाचं मीठ पांढरं झालेलं. बसमध्ये बसून आलेला माणूस असा दिसत नाही. तरी माझं मन म्हणालं, आत्ताच उतरले असतील!

*

तिसावा किलोमीटर आला.

कळलं कसं म्हणाल तर पायांनीच सांगितलं. मागच्या वर्षी जसे गेले होते तसेच गेले. पोटऱ्यांत गोळे आले. एका ओढ्यावरच्या छोट्या पुलाच्या कठड्यावर मी बसलो. डोळ्यांपुढं सगळं पांढरं होत होतं. मी स्वतःलाच म्हणालो, संपत, तू तोच माणूस आहेस. तिसाचाच. मला रडू यायला लागलं.

मामांनी मागं वळून बघितलं आणि ते चालत परत आले. उलटे! त्या उन्हात, तेवढं अंतर! शेजारी बसले.

तेवढ्यात एसटी आली. करकचून ब्रेक लागला. ड्रायव्हरनं मुंडी बाहेर काढली. "मामा! उन्हाचं हितं काय करताय? बसा, बसा!"

मामा मला म्हणाले, "बस तू. मी सरांना सांगनार न्हाई."

मी त्यांच्याकडे बघितलं. मला वाटलं, हा म्हातारा माझी परीक्षा घेतोय. मी बसलो की हे आधी जाऊन सरांना सांगणार. मी तिरसटपणानं म्हणालो, "मामा, मला तसं समजू नका! मी गाडीत बसणाऱ्यातला नाही!"

मामा शांतपणे म्हणाले, "मागच्या साली बसला व्हतास की."

माझ्या कानात सूंऽऽ आवाज यायला लागला. "कोण म्हणतं?"

"डाव्या अंगाचं तिसरं शीट. तोंडावर टावेल. रिटायर झाल्यावर मला पयलंच काम मिळालं व्हतं, ती बस चालवायचं. आरशात दिसत व्हतास. टावेलाखाली रडत व्हतास तू." आणि म्हणाले, "मग चौकात तुझा फ्लेक्स बघितला."

लाज वाटली मला. इतकी लाज की ते ऊन काहीच नव्हतं. दहा महिने हा माणूस माझ्या शेजारी पळत होता. दहा महिने मी याच्या टोपीवर संशय घेत होतो.

"मामा, कुणाला बोलला नाहीत? सरांना? एकालाही?"

मामांनी टोपी काढून घाम पुसला. "अठ्ठावीस वर्सं गाडी चालवली. कोन कुठं बसला आन् कुठं उतरला, ड्रायव्हर सांगत न्हाई कुनाला."

ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. "मामा, येताय का न्हाई? टाइम हुतोय!"

मी कठड्याला धरून उभा राहिलो. मामांनी माझ्या पायांकडे बघितलं, मग गाडीच्या पत्र्यावर दोनदा थाप मारली. गाडी निघून गेली.

*

कवठ्यात सर रसवंतीच्या मांडवात बसले होते. आम्ही दोघं पोचलो तेव्हा दुपार झाली होती. शेवटचे दोन किलोमीटर पळालो, चाललो, परत पळालो. सरांनी आधी आमच्या डोक्यावर पाणी ओतलं आणि मग रबरं मोजली. माझी सहा. मामांची सहा.

"सातवं?"

"पंचनाम्यात आहे, सर."

सरांनी दोघांची तोंडं बघितली. दोघांचंही तेच रबर कमी. म्हणाले, "ठीक आहे. दोन साक्षीदार आहेत." आणि मोबाइल काढला. "रेंज आहे तोवर भरून टाकू. नाव, वय, रक्तगट सांग..." मी सांगत गेलो. मामा रसाचा ग्लास घेऊन बाकावर टेकले होते.

"याआधी पूर्ण केलेल्या फुल मॅरेथॉन..." सर वाचता वाचता हसले. "हे काय विचारायचं! मीच हार घातलाय. एक."

मी म्हणालो, "शून्य टाका, सर."

"काय?"

"शून्य."

सरांचा अंगठा स्क्रीनवर तसाच राहिला. त्यांनी माझ्या कपाळाला हात लावून बघितला, मग काळजीनं मामांकडे वळले. "मामा, याला ऊन लागलंय का हो? भलतंच काहीतरी बोलतोय."

मामांनी रस संपवला, ग्लास खाली ठेवला आणि म्हणाले, "न्हाई सर. चांगला शुद्धीवर हाय त्यो. टाका तुम्ही."